शिंकेचं उत्तर

गाद्या-उशा भरण्याचं आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. कापूस पिंजायचं मशीन सुरू झालं की तंतू नाकात गेलेच म्हणून समजा. तीस वर्षं मी त्या खोलीत शिंकते आहे. आमच्यात शिंकणाऱ्याने 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणून अल्लाहचे आभार मानायचे, आणि ज्याने ते ऐकलं त्याने उत्तर द्यायचं: अल्लाह तुझ्यावर दया करो. ऐकणाऱ्याची यातून सुटका नाही. आमचं भांडण झालं की हे चार-चार दिवस तोंडाला कुलूप लावून बसायचे, पण मी शिंकले की उशीच्या खोळीत डोकं असलं तरी तिथून 'यर्हमुकिल्लाह' पुटपुटायचे. तेवढ्यावर अबोला सुटायचा. मग कधीकधी मीच मुद्दाम मशीनजवळ जाऊन उभी राहायचे.

हे गेले त्याला दोन वर्षं झाली. आता मी शिंकते, अल्हम्दुलिल्लाह म्हणते आणि मशीन आपलं घरघरत राहतं. गिऱ्हाईक असलंच तर नाकाला रुमाल लावून दोन पावलं मागे सरकतं.

मुलगा दुसऱ्या शहरात लिफ्टदुरुस्तीची कामं करतो. दर रविवारी त्याचा फोन येतो. एकदा बोलता बोलता मला शिंक आली आणि तिकडून लगेच उत्तर आलं, अगदी बापासारखं, घाईघाईत. फोन ठेवल्यावर मी पोटभर रडले. पुढच्या रविवारी शिंक काही येईना, म्हणून मी खोटी काढली. साठी उलटल्यावर असला चावटपणा करायची लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली. उत्तर मिळालं ना! त्यानंतर दर फोनला एक, मग दोन, मग तीन. हावच सुटली मला.

परवा तो न सांगता दारात उभा राहिला, बरोबर जुनी मशिनं विकत घेणारा एक माणूस. म्हणाला, फोनवर तुझ्या शिंका वाढतच चालल्यात, डॉक्टरांना विचारलंय, कापसाने तुझी छाती खराब झालीय, आता हे दुकान बंद. तो माणूस तर टेप काढून मशीनची मापंसुद्धा घ्यायला लागला. माझ्या पायाखालची जमीन सरकली. मशीन गेलं की दिवसभर मी करणार काय, भिंतींशी बोलणार?

"फोनवरच्या शिंका खोट्या होत्या," मी म्हटलं.

"खोट्या? कशाला पण?"

"तुझं उत्तर यावं म्हणून. या घरात मला दुआ द्यायला कोणी उरलं नाही रे."

त्याने त्या माणसाला परत पाठवलं आणि अर्धवट भरलेल्या गादीवर येऊन बसला. आता हा मला फैलावर घेणार, अशी मी मनाची तयारी केली होती. तेवढ्यात कापूस त्याच्या नाकात गेला आणि तो सणसणीत शिंकला. शिंकला आणि गप्प. मी तोंड उघडून वाट बघतेय! त्याने आभार मानल्याशिवाय मला उत्तर देता येत नाही.

"जीभ झिजते का रे तुझी?" मी खेकसले.

"सवय गेली, अम्मी," तो म्हणाला. "खोलीवर एकटाच असतो. ऐकायला कोणी नसतं, म्हणून म्हणायचंच सोडून दिलं."

माझा राग जागच्या जागी विरला. इतके रविवार मी त्याच्याकडून दुआ काढून घेत होते, आणि त्याच्यासाठी ती कोण मागतं, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. आई म्हणवते स्वतःला.

"आता म्हण," मी म्हटलं.

तो म्हणाला, अगदी हळू. मी उत्तर दिलं. त्याने मान खाली घातली आणि लहानपणी रडायचा तसा, आवाज न करता रडला.

सुट्टी एकाच दिवसाची होती. सकाळच्या बसने तो गेला आणि मी मशीन लावलं. दिवसभर हात कापसात होते, पण त्याला तिथे एकट्याला शिंक येऊ नये, एवढंच मला वाटत राहिलं.