मानेतली सुई

बोटॉक्स हा शब्द कानावर पडला आणि आमच्या जाऊबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "अगं बाई! या वयात सुरकुत्या घालवायच्यात?" म्हटलं, सुरकुत्या राहू देत, त्या माझ्या कमाईच्या आहेत. सुई मानेत घ्यायचीय, हातासाठी.

माझं पार्लर आहे. ड्रायर धरलेला हात वर गेला की बोटांना मुंग्या येतात, मग बोटं बधिर. एकदा चालू ड्रायर गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडला. तेव्हापासून नवऱ्याचा एकच धोशा, "विकून टाक दुकान. पुष्कळ झालं." त्यांनी घेणारा माणूसही शोधून ठेवला. मला विचारलंय कुणी?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मानेतला स्नायू आखडलाय, तो हाताकडे जाणारी नस दाबतोय. बोटॉक्सने तो सैलावला तर काही महिने आराम पडेल, पण सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. आधी तपासू. दोन्ही हात वर धरा, मुठी उघडा-मिटा, दुखलं की थांबा.

मी हात वर केले. खांद्यापासून बोटांपर्यंत आग आग झाली. आणि मी मेली हसत राहिले! सगळा जन्म आरशासमोर गेला. माझ्या कपाळाला आठी दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं, आपले केस बिघडले. दुखलं की हसायचं, हे अंगात मुरलंय.

"छान जमतंय की," बाई म्हणाल्या. "मग इंजेक्शनची घाई नको."

"मी सांगत होतो ना," शेजारी बसलेला नवरा उठलाच. "मनाचे खेळ सगळे. चल घरी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"बसा खाली!" मी ओरडले. हात अजून वरच होते. "दुखतंय! जीव जातोय माझा! हसतेय ती मेली सवय आहे. बाई, तोंड बघू नका, हात बघा!"

बाईंनी माझी बोटं हातात घेतली. पांढरी पडलेली, थंडगार. "अहो, मग बोलायचं ना," त्या म्हणाल्या.

मशीनच्या पडद्यावर स्नायू बघत त्यांनी सुई घातली. मी मनसोक्त विव्हळले. बाहेर ऐकू गेलं असेल तर जाऊ दे.

पंधरवड्याने तो माणूस दुकान बघायला आला, तेव्हा मी ड्रायर धरून उभी होते. हात वर, बोटं जागेवर. "दुकान विकायचं नाहीये," मी तिथूनच सांगितलं आणि पुढची बट घेतली.

तो गेल्यावर नवरा पुटपुटला, "काही महिन्यांनी पुन्हा दुखलं तर?"

"तर पुन्हा सुई," मी म्हटलं. "फक्त तेव्हा तुम्ही बाहेर बसायचं."