दोनदा पाहिलेला समुद्र

हेमाबाईंनी समुद्र दोनदा पाहिला होता, असं सगळे धरून चालले होते. धरून चालण्यासारखंच होतं, कारण सांगितलं त्यांनीच होतं. बोरीच्या शाळेत नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हा भूगोलाच्या तासाला एका पोरीने विचारलं, "बाई, तुमी बघितला का हो समुद्र?" नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. पण चाळीस पोरं तोंडं उघडी टाकून बघत होती. हेमाबाई म्हणाल्या, "हो. दोनदा." एकदा म्हटलं तर कमी पडेल असं वाटलं. लग्नाआधी, मामांकडे गेले होते तेव्हा, अशी पुस्तीही जोडली. मामा जालन्याला होते.

ती थाप पंचेचाळीस वर्षं टिकली. एकतीस वर्षं हेमाबाईंनी फळ्यावर कोकणचा किनारा नकाशाशिवाय काढला, खाडी न् खाडी जागच्या जागी. पण त्यांनी स्वतः पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी येलदरीच्या धरणातलं. खरं काय ते एकट्या मार्तंडरावांना ठाऊक होतं. "बायकोच्या दोन समुद्रांत मी एकदाही नव्हतो," एवढंच ते म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं म्हातारा रुसलाय.

यंदा सूनबाईने, श्रद्धाने, टूम काढली. कुणा मैत्रिणीकडून तिला कोकणातल्या एका तांडेलाचा, म्हणजे होडीवाल्याचा, नंबर मिळाला. शिडाची जुनी होडी, सहा माणसं, तीन दिवस या खाडीतून त्या खाडीत. मे महिन्यात जायचं. मुलगा पियुष पुण्याहून परस्पर येणार होता. सोबत नागसेन आणि त्याची बायको मंजुषा. नागसेन हेमाबाईंचा बोरीचा विद्यार्थी, येलदरीच्या वीजकेंद्रातून नुकताच निवृत्त झालेला, दर रविवारी चहाला येणारा.

"आई, तुम्ही पाहिलाय ना समुद्र, मग वेळापत्रक तुम्हीच करा," श्रद्धा म्हणाली.

"बाईंशिवाय कोन करनार?" नागसेन म्हणाला. "आमी तर येलदरीच्या पुढं पानी बघितलं न्हाई."

हेमाबाईंनी नको म्हणायला तोंड उघडलं, आणि "रंगीत पेन्सिली आण" असं म्हणाल्या.

आठ दिवस त्या कूलरसमोर मांडी घालून बसल्या. ड्रॉइंगच्या कागदावर किनारा काढला, खाड्यांना निळा रंग दिला. तारखेवर घोळ झाला. नागसेन म्हणाला, "बुद्धपौर्णिमेला आमी विहारात. खीर वाटल्याबिगर मी हालत न्हाई." मग ठरलं, पौर्णिमेच्या रात्री गाडीने निघायचं, दुसरा दिवस प्रवासात, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला होडीत. सहा का, तर ऊन चुकतं. परभणीत कुठंही जायचं तर सहाचीच गाडी धरतात. वाटेतल्या देवगाव फाट्याला पोचेपर्यंत डोक्यावर ऊन आलं तरी माणूस स्वतःला मूर्ख म्हणतो. हेमाबाईंनी तिन्ही दिवस सकाळी सहा असं लिहिलं आणि खाली दुहेरी रेघ मारली.

सामानाच्या यादीत पहिलं नाव पाण्याचं होतं. वीस लिटरचे आठ जार.

"समुद्रात जायचं अन् पाणी घरून?" मार्तंडराव म्हणाले.

"ते खारट असतं."

"तुला काय, दोनदा चाखलंयस."

हेमाबाईंनी आठच्या आकड्याखालीही रेघ मारली.

रविवारी श्रद्धाने कागदाचा फोटो तांडेलाला पाठवला. अर्ध्या तासात त्याचा फोन आला. तिने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा टिपॉयवर ठेवला. मंजुषाने चहाचे कप बाजूला सारले.

"नकाशा कोणी काढलाय हो?" पलीकडून आवाज आला.

"माझ्या सासूबाईंनी. भूगोल शिकवायच्या. समुद्रही पाहिलाय त्यांनी."

"झकास काढलाय. आमच्या खाडीचं वळणसुद्धा बरोबर आलंय."

हेमाबाईंची मान ताठ झाली.

"फक्त एक आहे," तांडेल म्हणाला. "त्या दिवशी सहाला सुकती असते. म्हणजे तुमची ओहोटी. होडी चिखलात बसलेली असेल. सहा माणसं आणि आठ जार घेऊन शीड लावलंत, तरी ती चिखलातून कुठे जाणार?"

हेमाबाईंनी तळहाताने दुहेरी रेघ झाकली. तांडेल सांगतच होता.

"सोपं आहे हो. तिथीची पाऊणपट करायची. द्वितीया, म्हणजे दीड. दुपारी दीडला भरती. पंचांग असेलच की घरात."

पंचांग मार्तंडरावांच्या मांडीवरच होतं.

"पन दीडला?" नागसेन ओरडला. "मे महिन्यात? मानूस वाळून जाईल!"

"वारा असतो ना समुद्रावरून, दुपारचा. बाईंना विचारा. त्यांनी पाहिलाय ना समुद्र?"

"दोनदा!" नागसेन छाती काढून म्हणाला.

खारे वारे दिवसा, मतलई वारे रात्री. भरती-ओहोटी, चंद्र, पृथ्वी, दोन वर्तुळं आणि बाण. एकतीस वर्षं हेमाबाईंनी हे इतक्या वेळा शिकवलं होतं, की झोपेत सांगितलं असतं. आणि जाग्या असताना होडीला त्यांनी परभणीच्या बसस्टँडवर नेऊन उभं केलं होतं.

"चूक माझी," मार्तंडराव एकदम म्हणाले. "सहाचा मुहूर्त मी काढला. ती दीडच म्हणत होती."

हेमाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षं या माणसाने टोमणे मारले, पण थाप फोडली नव्हती. आज तर तो तिच्यात भर घालायला निघाला होता. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. पण मग त्या होडीत चढायचं, आणि नागसेन दर लाटेला विचारणार, बाई, मागच्या खेपेला असंच होतं का? पहिल्यांदा समुद्र पाहताना तो तिसऱ्यांदा पाहिल्याचं तोंड करायचं. ते मात्र त्यांना नको होतं. एकाहत्तराव्या वर्षी एकदाच मिळणार, तोही चोरून बघायचा?

"मुहूर्त कुणी काढला नाही," त्या म्हणाल्या. "आणि मी समुद्र पाहिलेला नाही. एकदाही नाही."

"मी नंतर करतो फोन," तांडेल म्हणाला. शहाणा माणूस.

नागसेनने कप खाली ठेवला. "आन् लाट मागं गेली की पायाखालची वाळू सरकतीय, म्हनला होतात ते?"

"पुस्तकात होतं."

"मामा?"

"जालन्याला."

मंजुषाने तोंडाला पदर लावला. श्रद्धा कधी सासूकडे, कधी सासऱ्याकडे बघत राहिली. नागसेन हसला नाही.

"बाई, मी सातवीत इचारलं होतं. चंद्रामुळं समुद्राला भरती येती, तर आमच्या हिरीला का येत न्हाई? चंद्र तर बोरीतबी उगवतो. तुमी मला आख्खा तास अंगठे धरून उभं केलं."

हेमाबाईंना ते आठवत होतं. त्याच्या सदऱ्याला पाठीवर ठिगळ होतं, तेही आठवत होतं.

"उत्तर येत नव्हतं मला," त्या म्हणाल्या. "म्हणून केलं. वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न होता तो."

"अन् आता येतं का?"

"अजून नाही."

नागसेनने श्रद्धाकडून लाल पेन मागून घेतलं, वेळापत्रक पुढ्यात ओढलं आणि तिन्ही सहांवर काट मारली. मार्तंडराव तिथी सांगू लागले, तो पाऊणपट करू लागला. द्वितीया दीड, तृतीया सव्वादोन, चतुर्थी तीन. वर 'प्रमुख' म्हणून हेमाबाईंचं नाव होतं, तेही त्याने खोडलं आणि खाली यादीत पाण्याच्या जारांपुढे लिहिलं.

"जिम्मा तुमच्याकडं. पानी सांडलं तर बघा."

"बरं, सर," हेमाबाई म्हणाल्या.

"आन् त्या तांडेलाला हिरीचं मी इचारनार. तुमी मागं उभं ऱ्हायचं."

"अंगठे धरून?" मार्तंडरावांनी विचारलं.

"डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलंय," हेमाबाई म्हणाल्या. मग थोडा विचार करून, सुनेसमोर आणि दोघा पाहुण्यांसमोर, त्यांनी दोन्ही हातांनी आपले कान धरले.

"इतकं चालेल का?"

"आज चालंल," नागसेन म्हणाला, आणि त्याने चहाचा कप पुन्हा भरायला पुढे केला.