रुमालाखालचे गुण

चौसाळकरांच्या एकूण सत्तेचाळीस रहस्यकादंबऱ्या आणि त्या वाचणारे उदगिरात दोघंच, असं मी नऊ वर्षं छाती फुगवून सांगत होतो. एक मी, निवृत्त मास्तर. दुसरा गुंडप्पा, धान्याच्या मोंढ्यातला आडत्या.

आमची पद्धत ठरलेली होती. कादंबरी आधी मी वाचायची, मग त्यानं. रविवारी मोंढा बंद असला की त्याच्या आडतीत बसून गुण द्यायचे, तेही तोंडानं नाही. पूर्वी मोंढ्यात भाव रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरायचे आणि गुंडप्पाला ही विद्या बापाकडून आलेली. सात म्हणजे अख्खा पंजा आणि वर दोन बोटं. मोठ्यानं बोललं की शेजारी पत्ते कुटत बसलेले दुकानदार फाटे फोडायचे, म्हणून हा रुमाल. आधी मी दाबायचो, मग तो. "मान मास्तरचा," म्हणायचा. आमचे गुण असे जुळायचे की माझी बायको म्हणायची, मागच्या जन्मीचे जुळे असाल. मलाही ते पटायचं. नऊ वर्षं गुन्हेगार हुडकण्याची पुस्तकं वाचून माझ्या नाकाखालचं मला दिसलं नाही, एवढा मी हुशार.

शेवटची कादंबरी, 'निळ्या शाईचा साक्षीदार', कुठंच मिळेना. नांदेडला रद्दीच्या दुकानात सापडली, जुनी पण कुणी न उघडलेली. म्हटलं, ही तरी आधी गुंडप्पानं वाचू दे. नंतर दोघांनी मिळून पहिल्या दहांची यादी करायची आणि दोघांच्या सह्यांनिशी वाचनालयात लावायची, एवढीच माझी हौस होती. तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण पुस्तकावर बोलायला माणूस मिळाला तो हा एकच.

आठ दिवसांनी पुस्तक परत आलं. लई भारी हाय, शेवट तर विचारूच नका, म्हणाला. घरी येऊन उघडलं, तर एकोणपन्नासपासून पुढची पानं वरच्या कडेला जोडलेलीच होती. छापखान्यात कापायची राहिलेली. शेवटचीही तशीच. सुरी लावल्याशिवाय ती कुणाच्या बापाला वाचता आली नसती.

मी पानं कापली आणि एका बैठकीत कादंबरी संपवली. दहापैकी दहाची होती. रविवारी रुमालाखाली मी मुद्दाम दोनच बोटं दाबली.

गुंडप्पानं हळहळल्यासारखी मान हलवली आणि माझी दोन बोटं दाबली.

मी रुमाल ओढून काढला. पानं जोडलेली होती, असं त्याला सांगितलं. त्यानं माझ्या हातातला रुमाल घेऊन त्याची घडी घातली.

"पहिली तीन पुस्तकं वाचली व्हती," तो म्हणाला. "न्हाई गोडी लागली. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही दर रविवारी आला असता का, मास्तर?"

नसतो आलो. हे मला कळत होतं आणि त्यामुळं डोकं आणखीच भडकलं. चव्वेचाळीस वेळा या माणसानं माझेच आकडे माझ्या हातात ठेवले होते, आणि मी त्याला दोस्ती समजत होतो. केसानं गळा कापला यानं माझा.

मग रहस्यकथेच्या वाचकानं जे कधीच करू नये, ते मी केलं. मला आवडलेल्या दहाही कादंबऱ्यांचे खुनी त्याला एकामागून एक सांगून टाकले. डॉक्टर. धाकटी जाऊ. खुद्द फिर्यादी. ही शिक्षा मी वैऱ्यालासुद्धा दिली नसती.

गुंडप्पानं गुडघ्यांवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं. दहावं नाव सांगून मी थांबलो, तेव्हा त्यानं सुटल्यासारखा श्वास सोडला.

"बरं झालं सांगितलं," म्हणाला. "च्या मागवू का?"