बोलणारा खडा

हॉस्पिटलसमोरच्या लॉजच्या जिन्यावर सकाळी नऊपासूनच रांग लागायची. वरच्या खोलीत खडेबाबा बसत. त्यांच्या हातात वीतभर दांडी असे आणि दांडीच्या टोकाला काळसर, चकचकीत खडा. तो अंगावरून फिरवला की जिथे रोग असेल तिथे टकटक बोलायचा. बाबा पाणी शिंपडत आणि दोन दिवसांनी परत बोलावत. दोन दिवसांनी खडा गप्प. रोग गेला म्हणून माणसं डोळे पुसत जिना उतरत.

माझा स्वभाव मुळातच संशयी. देव समोर उभा राहिला तरी मी त्याचं ओळखपत्र मागेन, असं आई म्हणायची. त्यात मी त्याच हॉस्पिटलातली तंत्रज्ञ. रुग्णाच्या शिरेत किंचितसं किरणोत्सारी औषध टोचायचं आणि ते शरीरात कुठे साठतंय हे कॅमेऱ्याने बघायचं, हे माझं रोजचं काम. बाबाशी मला काही देणंघेणं नव्हतं. पण बुधवारी दादाचा फोन आला.

"तुझ्या वहिनीची गाठ गेली. शनिवारचं ऑपरेशन नको म्हणून कळव डॉक्टरांना."

वहिनीच्या गळ्यात सुपारीएवढी गाठ होती. सोमवारी मीच तिला ते औषध टोचलं होतं. डॉक्टरांनी कॅमेऱ्यातला फोटो बघून, गाठ लगेच काढा, असं बजावलं होतं.

"गेली असं कोण म्हणालं?"

"खडा. सोमवारी तुमच्याकडून निघालो ते थेट बाबांकडेच गेलो. गळ्यावर नुसता तडतडत होता. आज हूं नाही की चूं नाही."

"हाताला लागते का गाठ?"

"लागते. पण बाबा म्हणाले, आता ते नुसतं टरफल उरलंय."

माझं डोकं फिरलं. गुरुवारी रजा टाकली आणि वहिनीला घेऊन रांगेत उभी राहिले. उघड्या दारातून आतलं सगळं दिसत होतं.

"हा खडा बारा वर्षं डोंगराच्या पोटात तप करत होता," बाबा सांगत होते. तप करणाऱ्या खड्याच्या दांडीला चार्जर लावायचं भोक होतं, हे कोणी बघत नव्हतं. शिवाय बाबा सरसकट सगळ्यांना आत घेत नव्हते. एका म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ थांबेना, त्याला म्हणाले, "तुमची वेळ अजून आली नाही." एक धडधाकट शिंपी मात्र लगेच आत. त्याच्या कोपरावर कापूस चिकटवलेला होता. पुढची बाई आत गेली, तिच्याही कोपरावर कापूस. चिकटपट्टीचं एक टोक दुमडलेलं होतं. काढताना कातडी ओढली जाऊ नये म्हणून ते टोक मीच दुमडते, आमच्या विभागात दुसरं कोणी दुमडत नाही.

"हे टोचलेलं अपवित्र," म्हणत बाबा तो कापूस कोपऱ्यातल्या टोपलीत टाकायला लावत. खरं तर तो आमच्याच डब्यात पडायला हवा होता. रुग्णाला तो लावून तसंच बाहेर सोडणं ही आमची चूक, ती कबूल.

आमचा नंबर आला. वहिनी आधी येऊन गेलेली, म्हणून आम्हाला आत घेतलं. मी म्हणाले, "बाबा, माझा गुडघा दहा वर्षं दुखतोय. बघा."

खडा गप्प.

"श्रद्धा नाही तिथे तो बोलत नाही."

"मग त्या टोपलीची श्रद्धा बघू," म्हणत मी दांडी घेतली आणि टोपलीवर धरली. खडा टकटकटक सुरू झाला. खोलीत कोणीतरी फिसकन हसलं.

बाबा पक्के होते. "रोग उतरून त्यात गेला, बाई."

"असेल. मग टोपलीवर पाणी शिंपडू नका, मंत्र म्हणू नका. टोपली आणि दांडी लॉजच्या मॅनेजरच्या कपाटात ठेवू. उद्या याच वेळी बघू."

एवढ्या लोकांदेखत त्यांना नाही म्हणता येईना. शुक्रवारी माणसं आली, दादा-वहिनीही आली, बाबा आले नाहीत. मी हातमोजे घालून टोपली काढली, खडा धरला. बऱ्याच वेळाने एखादी टक. बाकी शांतता.

"आता या टोपलीला कोणी बरं केलं?" मी विचारलं. मग सगळं सांगितलं. खडा डोंगरातला नाही, कॅडमियम, जस्त आणि टेल्युरियम वितळवून भट्टीत घडवलेला स्फटिक आहे. आमच्या औषधातून निघणारा गॅमा किरण आत शिरला की इलेक्ट्रॉन सुटतात, विजेच्या दाबाने एका बाजूला ओढले जातात, त्या झटक्याची टक होते. असे किरण टिपणारे काही शोधक द्रव नायट्रोजनने गार ठेवावे लागतात. हा खोलीच्या तापमानाला चालतो, म्हणून हातात घेऊन फिरता येतो. औषध कुठे साठलंय ते शोधायला सर्जन असली दांडी वापरतात. बाबाने ती कुठल्या भंगारातून उचलली कोण जाणे. कोपरावर कापूस असलेल्यांच्या अंगात आमचं औषध असतं, थोडं कापसालाही लागतं, आणि ते दर सहा तासांनी निम्मं होतं. दोन दिवसांत ते संपतं, पाणी शिंपडा नाहीतर नका शिंपडू.

"म्हणजे खडा खोटं बोलत नव्हता," शिंपी म्हणाला.

"नाही. त्याला औषध कळतं, रोग कळत नाही. खोटं बाबा बोलत होते."

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. तिने हळूच विचारलं, "पण वन्सं, सोमवारी तो माझ्या गळ्यावर बोलला होता ना?"

मी तिचा हात धरून तिच्याच गळ्यावर ठेवला. "गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा निरोगी भाग हे औषध शोषतो. खडा बोलला तो त्या चांगल्या भागामुळे. गाठीने औषध घेतलंच नाही. फोटोत तिथे काळोख आहे, म्हणून तर डॉक्टर घाई करतायत."

तिची बोटं गाठीवर थांबली. मला तिची फार दया आली आणि बाबाचा तितकाच संताप.

"म्हणजे तो जिथे गप्प होता…"

"तिथेच आजार होता."

ती दादाकडे वळली. "डॉक्टरांना फोन लावा. उद्या किती वाजता उपाशी यायचं ते विचारा."

दादाने मान खाली घालून फोन काढला. लोकहो, यंत्रावर विश्वास जरूर ठेवा, पण ते काय मोजतंय हे विचारल्याशिवाय नको. आणि हे विचारल्यावर जो पळ काढतो, त्याच्या हाती आपल्या माणसाचा गळा देऊ नका.