साळुबाईच्या पायाचं माप

"अवो शेटाणी, तुमच्या मांडीवर पाय ठिवू व्हय मी? नरकात बी जागा मिळायची न्हाई मला!"

माझ्या सासूबाई, साळुबाई – मी त्यांना आत्या म्हणते – ओट्यावरून उठायलाच निघाल्या. पण उगमकाकींनी त्यांचा घोटा घट्ट धरून ठेवला आणि अर्धा विणलेला पांढरा मोजा त्यांच्या बोटांवरून वर चढवला. आत्या नुकत्याच रानातून आलेल्या. पाय धुतले होते, तरी टाचांच्या भेगांत माती होतीच. काकींनी तिकडे लक्षही दिलं नाही.

"आरती, बघ गं. इथूनच टाच सुरू करायची ना?"

"इथूनच," मी म्हणाले.

कळंबला आमचं घर आणि उगमकाकींचं दुकान यांच्यात एकच भिंत. काकींचे यजमान नेमीचंदकाका किराणा विकतात, मी ब्लाउज शिवते आणि बायकांना विणकाम शिकवते. पण बोटांकडून सुरू होऊन वर जाणारा मोजा मीही जन्मात केला नव्हता. काकींनी हट्टच धरला, म्हणून आधी मोबाइलवर बघून मी शिकले आणि मग त्यांना शिकवायला बसले. असल्या मोज्याचं एक बरं असतं, विणता विणता पायात घालून बघता येतो. आता ज्या पायांसाठी चाललं होतं ते पाय इथे नव्हते, ही गोष्ट वेगळी.

टीना ही काकींची एकुलती एक लेक. बीकॉम झाली, गल्ल्यावर बसायला लागली, स्कूटीवरून गावभर उंडारायची. आणि एके दिवशी म्हणाली, मला दीक्षा घ्यायचीय. घरात रडारड झाली, अबोला झाला, आणि शेवटी वाजतगाजत मिरवणूक निघाली. मी दीक्षेच्या जेवणाला गेले नाही. राग आला होता मला. आईला अशी मागे टाकून जायचं आणि वर त्याचा सोहळा करायचा? काकी मात्र त्या दिवशी पंगतीत सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होत्या म्हणे.

आता ती जैन साध्वी समताश्री झाली होती. गावोगाव अनवाणी चालायची. गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी दर्शन घेऊन आलं आणि सांगून गेलं, की डांबरी रस्त्याने टीना महाराजांच्या तळव्यांना फोड आलेत. त्यांच्यातल्या काही साध्वी उन्हात सुती मोजे घालतात, हेही त्यानेच सांगितलं. काकींनी दुसऱ्याच दिवशी मंचरहून पांढरा दोरा आणला. यंदा फाल्गुनात नारायणगावकडे जाताना साध्वींचा मुक्काम कळंबला होणार होता.

"माप साळुबाईंचं घेऊ," असं काकीच म्हणाल्या होत्या. टीना कॉलेजात गेली तरी आमच्या दारातल्या आत्यांच्या चपला पायात सरकवून पळायची, आणि आत्या अनवाणी तिच्या मागे शिव्या घालत धावायच्या. "बरोब्बर बसायच्या तिला," काकी म्हणाल्या.

बोटं झाली, तळवा झाला. गाडी अडली ती टाचेवर. टाचेला अर्धेच टाके घ्यायचे. दर ओळीला शेवटचा एक टाका न विणता सुईवर तसाच सोडायचा आणि मागे फिरायचं. ओळ आखूड आखूड होत जाते. मधे थोडेच टाके उरले, की सोडलेले एकेक करून परत विणायला घ्यायचे. त्यातून टाचेची वाटी तयार होते. फिरताना त्या सोडलेल्या टाक्याला दोऱ्याचा वेढा द्यायला विसरलं, की कडेला भोक पडतं.

काकी विसरायच्याच. मग उसवायचं, परत विणायचं, परत भोक, परत उसवायचं. शेवटी माझं डोकं फिरलं.

"राहू द्या की काकी एक भोक! मोज्याची टाच कोण बघायला येणारे?"

"खडा शिरेल गं त्यातून," त्या म्हणाल्या.

मी गुमान पुढची ओळ दाखवायला लागले.

एकदा सोडलेले टाके परत घेताना त्या मधेच थांबल्या. "आरती, हे सगळे परत घेता येतात?"

"घ्यावेच लागतात. एकही मागे ठेवायचा नाही."

"बरंय बाई विणकामाचं," असं म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या. सुया मांडीवरून घरंगळल्या. टाके सुटू नयेत म्हणून मी त्या आधी धरल्या, आणि मग काकींना धरलं.

नेमीचंदकाका दुकानातून आत आले, ते दारातच उभे राहिले. "उगम, त्यांच्यासाठी मुद्दाम केलेलं त्यांना चालत नाही. पोळीचा तुकडासुद्धा आपल्यासाठी केलेल्यातलाच घेतात. हे मी तुला सांगायचं का?"

"माहितीय मला," काकी म्हणाल्या. "पण समजा, कोणासाठी केले ते विचारलंच नाही तर?"

काका परत दुकानात गेले आणि उगाचच शेंगदाण्याचं पोतं इकडचं तिकडे सरकवत राहिले.

"आन् इचारलं तर?" आत्यांनी मला हळूच विचारलं.

"तर खोटं बोलायचं. त्यात काय एवढं!"

फाल्गुनात साध्वी आल्या. तिघीजणी भिक्षेसाठी काकींच्या घरात आल्या, त्यात मधली टीना. तोंडावर पांढरी पट्टी, गाल बसलेले, चेहरा रापलेला. काकींनी आपल्याच लेकीला वाकून वंदन केलं. "दया पालो," टीनाने आशीर्वाद दिला. आत्यांच्या तोंडून "टीने—" निघालं आणि त्यांनी जीभ चावली. माझी नजर टीनाच्या पायांवर गेली. आत्यांच्या आणि तिच्या टाचांत आता काही फरक उरला नव्हता.

त्यांनी थोडी पोळी घेतली, थोडी भाजी घेतली. मग काकींनी मोजे दोन्ही हातांवर ठेवून पुढे केले.

टीनाने विचारलंच. "हे कोणासाठी केले होते?"

"माज्यासाठी, म्हाराज!" आत्या ताडकन पुढे झाल्या. "पर मला लई घट्ट व्हत्यात. नुसते पडून ऱ्हायल्यात बघा. तुमी घ्या."

टीनाचा हात थोडा पुढे आला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मी मनात म्हणत होते, काकी, आता फक्त गप्प बसा. देवाच्यान, एवढंच करा.

पण टीना आत्यांकडे बघत नव्हती. आईकडे बघत होती.

"नाही महासतीजी," काकी म्हणाल्या. "तुमच्यासाठीच केले."

हात मागे गेला.

"माप कोणाच्या पायाचं घेतलं?" टीनाने विचारलं.

"साळुबाईंच्या."

"मग ते त्यांचेच. त्यांचे त्यांना द्या." ती वळली आणि परत थांबली. काकींच्या हातावरच्या मोज्यांकडे बघून म्हणाली, "टाच छान झालीय." तो आवाज महासतीजींचा नव्हता, टीनाचा होता.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर साध्वी निघाल्या. गावातले लोक वेशीपर्यंत पोचवायला निघाले. काकींचे गुडघे चालू देत नाहीत, त्या आमच्या ओट्यावर बसून राहिल्या. आणि बघते तर काय, आत्या चपला दारात ठेवून, पायात ते पांढरे मोजे घालून निघालेल्या!

"अहो आत्या, मळतील ना!"

"मळू दे," आत्या म्हणाल्या आणि टीनाच्या मागोमाग चालू लागल्या.

काकी कोणाच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर खाली, रस्त्यावर होती. पुढे टीनाचे उघडे पाय आणि त्यांच्या मागे ते पांढरे मोजे. वळण आलं आणि काही दिसेनासं झालं, तरी त्या तिकडेच बघत होत्या.

आत्या परत आल्या तेव्हा मोज्यांचे तळवे काळेकुट्ट झाले होते. त्या ओट्यावर बसल्या आणि कोणी न सांगता त्यांनी आपला पाय उचलून काकींच्या मांडीवर ठेवला.

काकींनी मोजा काढला नाही. टाचेवरून, कडेच्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"साळुबाई, खडा शिरला का कुठं?"

"न्हाई वो शेटाणी. एक बी न्हाई."

काकींनी मान हलवली आणि ती टाच दोन्ही हातांत धरून बसून राहिल्या.