सोपी पातळी

“दार लाव! आधी दार लाव, मग पळ!” ताई उशीमागून ओरडली.

धाकट्याने अंगठा दाबला, पण तो पडला शेजारच्या बटणावर. पडद्यावरच्या माणसाने दार लावायच्या ऐवजी टॉर्च पेटवला, आणि बोळाच्या टोकाला कानोसा घेत उभी असलेली ती उंच, ओलीचिंब आकृती गर्रकन वळली. पुढचं ताईने पाहिलं नाही. तिने उशीत तोंड खुपसलं होतं. एक किंकाळी ऐकू आली, मग शांतता, आणि मग पुन्हा सुरुवात करायची का, असं विचारणारी ती ओळखीची टिंगटिंग.

“मेलो,” धाकटा म्हणाला आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून बोटं चोळू लागला.

औषधांनी त्याची बोटं बधिर झाली होती. गेलेले केस पुन्हा उगवले, बोटांतली जाण मात्र परतली नाही. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस हा. अंधाऱ्या खड्ड्यात, बॅटरी दातांत धरून, बारीकसा स्क्रू नुसता चाचपून बसवायचा. आता त्याच्या शर्टाची बटणं ताई लावायची, आणि तेवढा वेळ तो छताकडे बघत राहायचा.

गेमच्या बाबतीतले नखरे मात्र कायम होते. भीतीच्या गेममध्ये काय असावं आणि काय नसावं, यावर तो एखाद्या लग्नातल्या वरमाईसारखा नाक मुरडत बोलायचा. एकदम तोंडासमोर येऊन भॉक करणारे गेम त्याला भिकार वाटायचे. “ही काय भीती झाली? हे तर तू लहानपणी दारामागून करायचीस.” वरच्या मजल्यावर कुणाची तरी पावलं वाजताहेत आणि आपल्या खिशात एकच काडी उरली आहे, ही खरी भीती. ज्यात नायकाच्या पाठीवर बंदुकांचं दुकान असतं, ते गेम नकोत. भिंतीआड जरा टेकलं की जखम आपोआप भरते, ते तर मुळीच नकोत. मोजकं सामान, लांबचा पल्ला, प्रत्येक कपाट उघडून बघायचं आणि बहुतेक रिकामंच निघायचं; असं असलं की स्वारी खूश.

सगळ्यांत जास्त चीड होती ती दयाळू गेमची.

“आपण मरायला टेकलो की हे लोक पुढच्याच खोलीत औषधाची पेटी ठेवून देतात,” तो म्हणायचा. “तायडे, हा अपमान आहे. मारायचं तर नीट मारा म्हणावं.”

“विकतचं दुखणं आहे तुझं,” ताई म्हणायची. “आधीच काय कमी आहे म्हणून ह्या जहाजावर जाऊन मरतोस?”

हा जहाजाचा गेम त्याचा सगळ्यांत लाडका. भर समुद्रात बंद पडलेलं एक मोठं जहाज, वीज गेलेली, माणसं नाहीशी झालेली, आणि पाण्यातून वर आलेली ती बाई. ताई लाँड्रीतून दुपारी घरी आली की दोघं पडदे ओढून बसायची. लाँड्रीत तिच्याकडे डाग काढायचं काम होतं, त्यामुळे तिच्या हातांना नेहमी औषधाचा उग्र वास यायचा. खेळायचं त्याने, आणि उशीआडून शेळ्या हाकायच्या हिने. भीतीदायक काही आलं की हिचे डोळे मिटलेले. म्हणजे अर्धा गेम तिने पाहिलेलाच नव्हता. पण सूचना मात्र अखंड.

एकदा त्याच बोळात तो इतक्यांदा मेला, की ताईने मोजणं सोडून दिलं. शेवटी त्याने कंट्रोलर बाजूला ठेवला.

“राहू दे,” तो म्हणाला. “माझ्याच्याने नाही होत.”

तो चिडला असता तर तिला काही वाटलं नसतं. पण तो शांतपणे बोलला आणि भिंतीकडे वळून झोपला. आजार कळला त्या दिवशीही हा असं बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो अंघोळीला गेला तेव्हा तिने गेम लावला. लाँड्रीत ती कुठलंही औषध आधी कापडाच्या आतल्या शिवणीवर लावून बघायची, मग डागावर. इथे अशी सोय नव्हती. चाचपडत, दोनदा भलतीकडे जाऊन, तिला ती जागा सापडली: अवघड, मध्यम, सोपी. खूण अवघडवर होती. तिने ती सोपीवर आणली, टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटू लागली.

त्या दुपारी धाकट्याने बोळ ओलांडला.

“जमलं की रे!” ताईने उशी भिरकावली. “बघ! म्हटलं नव्हतं मी?”

तो पडद्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग तिच्याकडे वळून हसला.

“म्हटलं होतंस खरं.”

तेव्हापासून रोज थोडंथोडं जहाज सर होऊ लागलं. त्या बाईला धाकट्याची चाहूल उशिरा लागायची आणि तो तिच्या हातावर तुरी देऊन निसटायचा. ताईला जेवण गोड लागू लागलं. लाँड्रीतल्या बायकांनी विचारलं, भाऊ सुधारतोय वाटतं? ती हो म्हणाली, आणि म्हणताना तिला ते खरंच वाटलं.

“हा तुझा माणूस लंगडतो का रे?” तिने एकदा विचारलं.

“असेल जन्माचा,” धाकटा म्हणाला.

“बिचारा,” ताई म्हणाली.

मग तपासण्यांचे कागद आले. डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढून घेतली, तेव्हाच ताई समजली. आधीची औषधं लागू पडली नव्हती. अजून एक होतं, नवीन. सोमवारी खाट मिळू शकेल. “पण उपयोग होईलच असं मी सांगणार नाही,” बाई म्हणाल्या. “त्रास मात्र होईल, आणि राहावं लागेल इथेच. तुम्ही दोघं विचार करा. नको असेल तर तसं कळवा.”

“विचार काय करायचा?” ताई म्हणाली. “घेऊ या. हो ना रे?”

“ताई म्हणेल तसं,” धाकटा म्हणाला.

घरी येताना टॅक्सीत तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. आई गेल्यावर शाळेच्या बसमध्ये झोपायचा, तसाच. ताई खिडकीबाहेर बघत मनाशी म्हणत राहिली, घेईल तो, सोसेल, आजवर सोसलंच की.

शनिवारी दुपारी त्याचा खेळता खेळता डोळा लागला. जहाज पडद्यावर तसंच राहिलं, तो माणूस जिन्याच्या तोंडाशी उभा होता. रुग्णालयाची पिशवी भरून झाली होती आणि ताईच्या हाताला काम नव्हतं. तिने कंट्रोलर उचलला. पुढे जायची छाती नव्हती, म्हणून ती माघारी वळली. जिथून धाकटा आधीच येऊन गेलाय, तिथे तरी सगळं निवांत असेल.

खरंच निवांत होतं. ती बोळातून लंगडत चालली. बाजूला खोल्या होत्या, दारं अर्धवट उघडी. एकीत तिने डोकावून पाहिलं. टेबलावर औषधाची पेटी होती, तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

ही राहून गेली वाटतं ह्याची, तिला वाटलं.

पुढच्या खोलीतही एक होती. तिच्या पुढचीत पलंगावर. भटारखान्यात ओट्यावर दोन. जो गडी एकेक रिकामं कपाट उघडून बघितल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नसे, तो ह्या सगळ्या उघड्या दारांवरून सरळ निघून गेला होता. ताईने एका पेटीपुढे उभं राहून बटण दाबलं. त्या माणसाने पेटी उघडली, खाली बसून पायाला पट्टी बांधली, आणि उठून चार पावलं टाकली. तो सरळ चालत होता.

ताईने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

“आधी त्या खोल्यांत काडीसुद्धा नव्हती,” पलंगावरून आवाज आला. धाकटा जागा होता. किती वेळ, कोण जाणे.

“तुला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी. ती बाई आंधळी झाल्यासारखी वागायला लागली, ताई. मला कळणार नाही?”

“मग बोलला का नाहीस?”

“तू उशी फेकलीस,” तो म्हणाला. “ओरडलीस काय. किती महिन्यांनी तुला असं बघितलं. म्हटलं, चालू दे. फक्त पेट्या नाही घेतल्या. तेवढं नाही जमलं मला.”

ताई पडद्याकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही. ती समजत होती की आपण त्याला जिंकवतोय, आणि तो लंगडत लंगडत तिच्यासाठी जिंकत होता. मग तिला टॅक्सी आठवली, आणि त्याचं ते “ताई म्हणेल तसं”.

“सोमवारचं,” ती म्हणाली. “तेही असंच का रे?”

धाकटा चादरीची कड सारखी करू लागला.

“मी तुला विचारतेय.”

“तू म्हणशील तर घेईन. खरंच घेईन.”

“मी म्हणत नाहीये. तुला काय हवंय ते सांग.”

त्याने बोटांकडे पाहिलं. एकेक बोट दुमडलं, उघडलं.

“मला इथेच राहायचंय,” तो म्हणाला. “नको मला ते. दमलो मी, ताई.”

ती त्याच्याजवळ जाऊन बसली. त्याचा हात तिने हातात घेतला. तिने घेतलाय हे त्याला नीट कळतही नसेल, म्हणून जरा जोरात धरला. नको म्हणू नकोस, हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. ते तिने गिळले. आयुष्यात तिने एवढं कठीण काही केलं नव्हतं.

मग ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिने फोन लावला. दार मुद्दामच उघडं ठेवलं. पलीकडच्या मुलीने नाव विचारलं, शोधलं, आणि म्हणाली, हो, सोमवारची खाट आहे तुमच्या नावावर.

“आम्ही येत नाही,” ताई म्हणाली.

“पुढची तारीख देऊ?”

“नको.”

“मग ही खाट दुसऱ्या कुणाला देऊ का?”

ताईने मागे वळून पाहिलं. धाकट्याचे डोळे तिच्याकडेच होते.

“द्या,” ती म्हणाली.

मुलीने ठीक आहे म्हटलं, आणि ती फोन ठेवणार इतक्यात ताईने तिला थांबवलं.

“अहो, एक सांगाल का? घरीच राहणाऱ्या माणसाला दुखू नये म्हणून काय काय देता येतं, हे तुमच्याकडे कुणाला विचारायचं?”