गोगलगायीचं टपाल

काटोलहून माहेरच्या शेजारचे शालिकरामकाका आले आणि संत्र्यांच्या थैलीतून त्यांनी दुपट्ट्यात गुंडाळलेली, हातात धरून गेम खेळायची जुनी पीएसपी काढली.

"जितूनं देल्ली. ताईले दे म्हणे."

"पण का?"

"आता ते मले का मालूम वं!" असं म्हणत ते चहा न घेताच बस पकडायला गेले.

जितेंद्र माझा धाकटा भाऊ. दोन वर्षं आमचं बोलणं नाही. त्याच्या साखरपुड्यात पाहुण्यांसमोर मी त्याची बोली सुधारत बसले. मराठीची शिक्षिका ना, जित्याची खोड! तो एवढंच म्हणाला, "लाज वाटते तं नको येत जाऊ." मीही हट्टी, गेले नाही. मग आता हे काय? भेट, की घर आवरताना निघालेली अडगळ? मला काही उलगडेना.

आत एकच गेम होता. गोगलगाय घरोघर पत्रं वाटते, बस्स. मारामारी नाही की गाड्या नाहीत. सीताबर्डीच्या दुकानदारानं वर्षभर न खपलेला तो गेम जितूच्या गळ्यात मारला होता. ज्याला कोणी विचारत नाही ते घरी आणायची त्याला भारी हौस. शाळेच्या सुट्टीत आम्ही आळीपाळीनं खेळायचो. नदीवरच्या झुलत्या पुलावरून माझी गोगलगाय हमखास पडायची.

माझ्या लेकीनं, पायलनं, तो सुरू केला. अर्धवट ठेवलेले दोन डाव दिसले. नावं इंग्रजी अक्षरांत.

"आई, पहिलं एम-ए-एल-ई. मेल, म्हणजे मुलगा. मग दुसरं फीमेल पाहिजे ना? इथे तर टी-यू-एल-ई आहे. ट्यूल?"

ट्यूल? शब्दकोश काढला. गावाचं नाव असेल? गोगलगायीचं? डोकं पार भंजाळलं. हा माझी परीक्षा घेतोय की काय, या विचारानं संतापही आला.

"दुसरा उघड," मी म्हटलं.

गोगलगाय पुलाच्या पलीकडे उभी होती. पाठीवर एक पत्र.

मी दोन्ही नावं पुन्हा वाचली. या वेळी इंग्रजी नाही, आमच्या घरातली. मले. तुले.

पूल ओलांडून पुढचा डाव त्यानं माझ्यासाठी ठेवला होता. मला रडूच फुटलं. पायल बघतच राहिली.

फोन लावला. त्यानं उचलला.

"जितू, हे पत्र कोणाले द्याचं, मले समजूनच नाही राहिलं गा."

तो म्हणाला, "मले नाही, ताई. मला म्हण."